चाड्यावर मूठ

गुरुनाथ साबळेनं उभ्या आयुष्यात स्वतःची म्हणून एकही पेरणी केली नव्हती. पेरणी यंत्रं मात्र त्यानं ढिगानं काढली होती, कागदावर. इलिनॉयमधल्या एका अवजारांच्या कंपनीत तो डिझाइनला होता. त्यानं आखलेल्या यंत्रांनी कॅन्ससपासून कॅनडापर्यंत गहू पेरला, आणि तो गहू कुणी खाल्ला हे त्याला कधी कळलं नाही. कंपनीच्या चाचणीच्या शेतात पेरायचे ते मोजायला, उगवलं की मोजायचे आणि नांगरून टाकायचे. ह्या गोष्टीची खंत त्याला कधी वाटली नव्हती, कारण खंत करायला वेळच नव्हता.

मग कंपनीनं डिझाइनचं खातं दुसऱ्या राज्यात हलवलं. जुन्या माणसांना केक कापून निरोप दिला. त्या वर्षाच्या आतच गुरुनाथची बायपास झाली आणि वेळच वेळ झाला. शिकागोजवळच्या ऑरोरातल्या आपल्या घरात तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसून दिवसभर टीव्हीवर हवामान बघायचा. ज्याला घराबाहेर पाऊल टाकायचं नाही त्यानं ओक्लाहोमातल्या वादळाची एवढी चौकशी का करावी, हे शोभनाला कळत नसे. जेवायला हाक मारली की यायचा, ताट पुढे ठेवलं की जेवायचा. मीठ कमी आहे का, विचारलं तर "ठीक आहे" म्हणायचा. चाळीस वर्षं आमटीला नावं ठेवणारा माणूस "ठीक आहे" म्हणायला लागला की बायकोनं घाबरावंच.

शोभना घाबरली होती. कुणाकडे जाऊन काय बोलली, ते पुढे येईल.

दोन हजार चारच्या ऑक्टोबरात एका रविवारी डॉक्टर विवेक दाबके गाडी घेऊन दारात आला. विवेक हा गुरुनाथचा सगळ्यात जुना मित्र. शिकागोत मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये शाडूचा गणपती बसायचा, तेव्हापासूनचा. विवेक हृदयाचा डॉक्टर होता, आणि डॉक्टरांमध्ये शेत घ्यायची फॅशन आली तेव्हा त्यानंही गावाच्या पश्चिमेला एक शेत घेऊन ठेवलं होतं. शेजारचा शेतकरी खंडानं त्यात मका करायचा. विवेक वर्षातून एकदा जाऊन मक्याबरोबर फोटो काढून यायचा.

"चल, जरा फिरून येऊ," विवेक म्हणाला. "वहिनी, तुम्हीपण चला."

शेतावर एक बार्न होता, म्हणजे अवजारांचं लाकडी कोठार, लाल रंग उडालेलं. आत कबुतरं, आणि एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी लांबलचक. विवेकनं ताडपत्री ओढली.

"तुझ्या खात्यातलं आहे ना हे? आधीच्या मालकानं टाकून दिलेलं. यार, भंगारवाल्याला देणार होतो, म्हटलं तुला एकदा दाखवावं."

ती जुनी पाभर होती. पाभर हा गुरुनाथचा शब्द. इकडे लोक सीड ड्रिल म्हणत. पन्नास सालच्या आसपासची असावी. बियांची लाकडी पेटी आडवी, तिच्या तळाला खाचा असलेल्या लोखंडी रुळ्या, प्रत्येक रुळीखाली जमिनीपर्यंत जाणारी पत्र्याची नळी, आणि नळीच्या टोकाला माती चिरणारी तबकडी. चाक फिरलं की रुळ्या फिरणार, रुळ्या फिरल्या की बी मोजून पडणार. एवढीच गंमत. पण पेटीत उंदरांनी मक्याच्या सालांचं घर केलं होतं, रुळ्या गंजून जागच्या जागी बसल्या होत्या, आणि नळ्यांना हात लावला की पापुद्रे निघत होते.

गुरुनाथ गुडघ्यावर बसला. बायपासनंतर तो पहिल्यांदाच गुडघ्यावर बसत होता. एका रुळीच्या खाचेत त्यानं करंगळी घातली, वास घेतला.

"चालू होईल," तो म्हणाला.

"मग कर ना चालू. नुसती चालू नको, मॉडर्न कर. तुला हवं ते लाव तिला. आणि पेरू आपण इथंच. दहा एकर तुझ्यासाठी ठेवतो."

"काय पेरायचं?"

"तू म्हणशील ते."

गुरुनाथनं शोभनाकडे बघितलं. ती बार्शीकडची, शेतातल्या घरातली. "ज्वारी," तो म्हणाला. "पांढरी ज्वारी पेरू, आणि हुरडा भाजू. मराठी मंडळाची सगळी माणसं बोलावू. पण पेरताना चाड्यावर मूठ हिची."

शोभना वर आढ्याकडे, कबुतरांकडे बघत होती.

चाडं म्हणजे आपल्याकडच्या पाभरीवरची ती लाकडी वाटी, जिच्यात बाई मुठीनं बी सोडत चालते. पेरणी सुरू करायला मूठ धरणं म्हणतात ते त्यामुळे. शोभनाच्या माहेरी मूठ तिची आत्या धरायची, आणि त्या घराची एक रीत होती, की हातात बियाणं असताना खोटं बोलायचं नाही. बी खोटं निघतं, उगवत नाही, असा समज. त्यामुळे घरातली सगळी भानगड शोभनाचे वडील पेरणीच्या दिवसापर्यंत राखून ठेवत. समई कुणी पाडली, दूध कुणी उतू घालवलं, हे प्रश्न बायकांच्या हातात बी आल्यावर विचारायचे. गणितात नापास झाल्याचं शोभनानं असंच कबूल केलं होतं, मुठीत ज्वारी धरून, रडत. गुरुनाथनं हा किस्सा लग्नानंतर इतक्या वेळा लोकांना सांगितला होता की मंडळातल्या पोरांनासुद्धा पाठ होता.

त्या हिवाळ्यात टीव्हीवरचं हवामान बंद झालं. गुरुनाथ सकाळी डबा घेऊन बार्नमध्ये जायचा, रॉकेलचा हीटर पेटवायचा आणि काळोख पडायच्या आत घरी यायचा. गंजलेला दांडा त्यानं डिझेलमध्ये भिजवून ठेवला. रोज थोडं तेल, रोज थोडी ठोकाठोकी. पंधरवड्यानं दांडा जेव्हा हलला तेव्हा त्यानं गाडीतून शोभनाला फोन केला. "फिरला," एवढंच म्हणाला. तिनं विचारलं नाही काय फिरलं.

काढलेला प्रत्येक जुना भाग तो दुधाच्या क्रेटमध्ये ठेवायचा, चिठ्ठी बांधून. ही त्याची नोकरीतली सवय. जुनं टाकायचं नाही, नवं चुकलं तर परत कशावर जाणार? पेटीची फळी ओकची होती, ती त्यानं तासून घेतली, पण बदलली नाही. बाकी मात्र पार नवं केलं. पूर्वी पाभर उचलायला दोरी ओढावी लागायची, तिथं हायड्रॉलिक आणलं. एकेरी तबकडीच्या जागी दुहेरी, मागे माती दाबणारं रबरी चाक. आणि प्रत्येक नळीत एक इवलासा डोळा, म्हणजे सेन्सर. बी पडलं की ट्रॅक्टरवरच्या डबीत हिरवा दिवा, नळी तुंबली की लाल आणि कर्कश शिट्टी. ह्या डबीचं डिझाइन त्यानं कंपनीत असतानाच सुचवलं होतं, तेव्हा साहेबानं "नंतर बघू" म्हटलं होतं. ते नंतर आता आलं.

ज्वारीचा दाणा गव्हापेक्षा कमी पडायला हवा. मूळ यंत्र गव्हाचं, भसाभसा ओतणारं. त्यासाठी त्यानं दात वेगळे असलेलं चाक बनवून घेतलं आणि मधल्या नळ्या बंद केल्या. मग पाभर जॅकवर चढवायची, चाक हातानं फिरवायचं, आणि प्रत्येक नळीखाली शोभनाचा मफिनचा ट्रे. पडलेलं बी तिच्याच स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचं. एका वाटीत जास्त, एकीत कमी आलं की पुन्हा रुळी खोलायची. तो इतका हट्टाला पेटला होता की संक्रांतीला शोभनाला तिळगुळाचा गूळ अंदाजानं घ्यावा लागला, काटा बार्नमध्ये होता.

आमटीला नावं ठेवणं पुन्हा सुरू झालं. शोभनाचा जीव भांड्यात पडला, असं लोक म्हणत. पण तो पडला नव्हता.

पाच सालच्या वसंतात विवेक म्हणाला, "अरे, सॉरी. ह्या वर्षीचा मक्याचा करार मी विसरून आधीच करून बसलो. पुढच्या वर्षी नक्की." गुरुनाथला वाईट वाटलं, पण डबीचे दिवे अजून नीट लागत नव्हते, त्यामुळे बरंही वाटलं. खंडेनवमीला त्यानं शोभनाला म्हटलं, "चल, पाभरीला हळदकुंकू लाव." तिला कसकस वाटत होती. ही बाई स्नोब्लोअरला हार घालते, मायक्रोवेव्हला कुंकू लावते, दोन वर्षांपूर्वी तापात उठून गाडीची पूजा केली होती. गुरुनाथनं स्वतःच झेंडूचं फूल वाहिलं आणि फ्लूची साथ आहे, असं म्हणाला.

मंडळात भेटले की सगळे विचारायचे, "काय म्हणते पाभर?" जरा जास्तच गोड आवाजात. लहान मुलाला त्याच्या किल्ल्याबद्दल विचारतात तसं. त्याला तेव्हा ते प्रेम वाटलं. तो त्यांना सेन्सर समजावून सांगायचा आणि ते माना डोलवायचे.

सहा सालच्या मे महिन्यात गुरुनाथ शेतावर गेला तेव्हा सगळं शेत मोकळं होतं. नुसते दहा एकर नव्हे, सगळंच. शेजाऱ्यानं मका लावलाच नव्हता. मागच्या वर्षीची धसकटं तेवढी उभी. गुरुनाथ बांधावर उभा राहिला. दहा एकर देतो म्हणाला होता, आणि गड्यानं पूर्ण शेत मोकळं ठेवलं. जाताना त्यानं विवेकला फोन करून "थँक यू" म्हटलं. विवेक म्हणाला, "कशाबद्दल?" मग जरा थांबून म्हणाला, "अरे, त्यात काय."

शेतात जागोजाग खुंट्या ठोकल्या होत्या, वर नारिंगी रिबनी. "गॅसची पाइपलाइन जाणारेय म्हणे कडेनं," विवेक म्हणाला. खुंट्या कडेनं नव्हत्या, मधोमध होत्या, चौकोन करून. आयुष्य नकाशे वाचण्यात गेलेल्या माणसाला चौकोन दिसले आणि कळले नाहीत. मित्रानं सांगितलं होतं ना, मग संपलं. गुरुनाथनं विवेकच्या छोट्या ट्रॅक्टरनं दहा एकर तयार केले, रिबनी चुकवून.

पेरणीचा दिवस त्यानं कुणाला न विचारता ठरवला, कारण विचारलं की पुढे जात होता. माती ऊबदार झाली होती, जूनचा पहिला शनिवार होता. कॅन्ससहून मागवलेलं पांढऱ्या ज्वारीचं बियाणं पोत्यात तयार होतं. शोभनाला तो म्हणाला, "नारळ घे, कुंकू घे, आणि हिरवी साडी नेस." तिनं साडी नेसली. गाडीत ती नारळाची शेंडी सोलत बसली.

विवेक आधीच आला होता. बार्नजवळ त्यानं घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या, कूलर आणला होता, गळ्यात कॅमेरा. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण ते फोटोसाठी धरून ठेवल्यासारखं होतं.

पाभर ट्रॅक्टरमागे जोडलेली, लाल रंगात झळझळत होती. गुरुनाथनं पेटीचं झाकण उघडलं, नारळ फोडला, तबकड्यांवर पाणी शिंपडलं. मग पोत्याचं तोंड शोभनापुढे धरलं. "घे. मूठ धर. मग मी पोतं ओततो."

शोभनानं मूठ भरली. पेटीवर हात नेला. आणि हात तिथंच राहिला.

"सोड ना."

मुठीतून एकही दाणा पडला नाही. तिच्या मनगटाची शीर ताठ दिसत होती.

"शोभना, अगं काय झालं?"

"मला विचारू नका," ती म्हणाली. "हातात बी आहे."

गुरुनाथ हसला. त्याला वाटलं, माहेरची आठवण आली असेल. गंमत म्हणून, तो जुना किस्सा आठवून त्यानं विचारलं, "मग विचारतोच. सांग, काय लपवलंयस?"

"हे शेत विकलंय," शोभना म्हणाली. "आपण पहिल्यांदा आलो ना इथं, त्याच्या आधीच बिल्डरशी सगळं ठरलं होतं. इथं घरं होणारेत. पेरायचं कधी नव्हतंच."

गुरुनाथनं तिच्याकडे बघितलं, मग खुंट्यांकडे. आता चौकोन सरळ वाचता आले. हा रस्ता, हे प्लॉट, हे वळण.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. मीच गेले होते विवेककडे. म्हटलं, ह्यांना काहीतरी काम द्या, नाहीतर हे त्या खुर्चीतून उठणार नाहीत. ते म्हणाले, शेत तर जाणारेय, पण बार्नमध्ये एक जुनं मशीन आहे. घरं व्हायला दोन वर्षं तरी लागतील, म्हणाले. मी हो म्हटलं." तिचा आवाज सरळ होता, ती रडत नव्हती. "मला वाटलं होतं मधेच कधीतरी सांगू. तुम्ही त्या ट्रेमधलं बी तोलत बसायचात, मग सांगवायचं नाही. पण ही मूठ मी खोटी धरणार नाही."

विवेक जवळ आला होता. त्यानं कॅमेरा गळ्यातून काढून खिशात कोंबला, तो मावत नव्हता.

"गुरुनाथ, ऐक. तू त्या खुर्चीत मरत होतास. मी असे पेशंट बघितलेत, सर्जरी सक्सेसफुल होते आणि माणूस सहा महिन्यांत जातो."

"मग औषध द्यायचं होतंस."

"तेच दिलं. आणि लागू पडलं की नाही? बघ स्वतःकडे. तुला मशीनची गरज होती, शेताची नव्हती."

"मशीन कशासाठी असतं रे विवेक?" गुरुनाथचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मी दोन हिवाळे दाण्यादाण्याचं वजन करत बसलो. तू येऊन कॉफी प्यायचास आणि विचारायचास, किती खोल पडेल बी. तुला माहीत होतं कुठंच पडणार नाहीये. तरी विचारायचास."

विवेकनं पाभरीकडे हात केला. "आणि हे मशीन वाया जाणार नाहीये. बिल्डरशी बोललोय मी. कॉलनीच्या एन्ट्रन्सला ठेवणारेत, फुलं वगैरे लावून. पाटी लावतील, तुझ्या नावाची. ही वॉज व्हेरी इम्प्रेस्ड."

"पाटीवर काय लिहिणार? पेशंटचं नाव?"

"यू आर बीइंग अनफेअर."

गुरुनाथनं पोतं उचललं. डॉक्टरांनी जड उचलू नको म्हटलं होतं, आणि ते सांगणारा डॉक्टर समोरच उभा होता. गुरुनाथनं बी पेटीत ओतलं, हातानं सारखं केलं.

"काय करतोयस? मंगळवारी त्यांची मशिनं येणारेत. सगळी वरची माती खरवडून काढणार."

"आज शनिवार आहे," गुरुनाथ म्हणाला.

शोभना पुढे झाली. मूठ अजून मिटलेली. आता सगळं बोलून झालं होतं, आता ती मूठ खरी होती, आणि तिनं हात पेटीवर नेला. गुरुनाथनं तिच्याकडे न बघता झाकण लावलं. खटका बसल्याचा आवाज आला.

मग त्यानं दहा एकर पेरले, एकट्यानं. पाभर तशी चालली जशी ती चालावी म्हणून त्यानं दोन वर्षं घालवली होती. तबकड्यांनी माती चिरली, नळ्यांतून बी उतरलं, चाकानं दाबलं. डबीतले दिवे सगळे हिरवे, एकदाही शिट्टी झाली नाही. काही बिघडलं असतं तर बरं झालं असतं, खाली उतरून दुरुस्त तरी करता आलं असतं. वाटेतल्या खुंट्या त्यानं ह्या वेळी चुकवल्या नाहीत. ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या त्याला एकेक आठवत गेलं. मंडळातले ते गोड आवाज. माना डोलवणारे चेहरे. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. भरल्या सभेत माणसाची पँट मागून फाटलेली असावी आणि प्रत्येकानं समोर येऊन तिचं कौतुक करावं, तसं झालं होतं त्याचं दोन वर्षं.

शोभना बांधावर उभी होती, हिरव्या साडीत. घरी जाताना ती मागच्या सीटवर बसली, मूठ मांडीवर ठेवून.

रात्री सांता क्लाराहून मुलीचा, आसावरीचा फोन आला. "बाबा, आईनं सांगितलं. बट इट केप्ट यू गोइंग, ना? वी वेअर सो स्केअर्ड." गुरुनाथनं विचारलं, "तुलापण माहीत होतं?" "बाबा, प्लीज," ती म्हणाली. "जेवलीस का?" त्यानं विचारलं आणि फोन शोभनाकडे दिला.

रविवारी आणि सोमवारी तो बार्नमध्ये होता. पाभर विवेकची होती. ती नेणं त्याच्या हातात नव्हतं. पण तिच्यात जे त्याचं होतं ते त्यानं काढलं. सेन्सर काढले, डबी काढली, हायड्रॉलिक, दुहेरी तबकड्या, रबरी चाकं, मुद्दाम बनवून घेतलेलं ते दातांचं चाक. दुधाच्या क्रेटमधून जुने भाग काढून, चिठ्ठ्या वाचून, एकेक जिथल्या तिथं बसवला. गंजलेल्या नळ्या परत लटकवल्या. जशी दिली होती तशी परत. फक्त रंग काढता आला नाही, आणि खरवडत बसायची त्याच्यात ताकद नव्हती. ताडपत्री टाकली, किल्ली खिळ्याला अडकवली आणि तो घरी आला.

विवेकचे फोन आले, त्यानं घेतले नाहीत. विवेक घरी आला, तेव्हा तो गॅरेजमध्ये होता आणि गॅरेजमध्येच राहिला. शोभनाशी तो बोलायचा. दूध संपलंय, लाइट बिल भरलं, दारात कुणीतरी आलंय. जेवण व्यवस्थित जेवायचा. एकदा तिनं मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही. "ठीक आहे," तो म्हणाला, आणि तिनं मान खाली घातली.

सप्टेंबरात एका दुपारी शोभना एकटीच गाडी घेऊन गेली. आली तेव्हा गुरुनाथ डायनिंग टेबलाशी बसला होता. ती समोरच्या खुर्चीत बसली.

"शेताकडे गेले होते," ती म्हणाली. "पाभर ठेवलीये त्यांनी, एन्ट्रन्सला. पेटीत माती भरून पेटुनिया लावलेत."

"नळ्या?"

"जुन्याच आहेत. लांबून काही कळत नाही. लाल रंग दिसतो नुसता. लोक उभे राहून फोटो काढत होते."

गुरुनाथनं मान हलवली. आपलं सगळं काढून घेतलं तरी कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही, हे त्याला लागलं, आणि लागलेलं चेहऱ्यावर दिसलं.

"खरवडलेल्या मातीचा ढीग केलाय मागे," शोभना म्हणाली. "मोठा, घराएवढा. त्याच्यावर आलीये ज्वारी." तिनं पर्समधून कणीस काढून टेबलावर ठेवलं. पांढुरकं, हिरवट, भरलेलं. "ओळी नाहीत. कशीही उगवलीये, कुठंही. पण आलीये."

गुरुनाथ कणसाकडे बघत राहिला. मग नख लावून त्यानं एक दाणा दाबला. दूध आलं. हुरड्याला तयार होती.

शोभनानं उठून गॅस पेटवला, कणीस चिमट्यात धरून भाजलं. तळहातांवर चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला आणि गरम दाणे त्याच्या हातावर ओतले. त्यानं चार दाणे तोंडात टाकले.

"गोड आहे," तो म्हणाला. तीन महिन्यांत पहिल्यांदा तो "ठीक आहे" म्हणाला नव्हता.

शोभनानं त्याच्या ओंजळीकडे बघितलं. दाणे अजून होते. "माझ्यावर राग आहे तुमचा अजून?" तिनं विचारलं.

दाणे खाली ठेवून उत्तर देता आलं असतं. त्यानं ते खाली ठेवले नाहीत.

"हो," तो म्हणाला.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं नजर वळवली नाही. मग गुरुनाथनं उरलेले दाणे तिच्या तळहातावर ठेवले आणि म्हणाला, "आता तू सांग. पुन्हा तशी वेळ आली, मी पुन्हा त्या खुर्चीत बसलो, तर असंच करशील?"

शोभनानं मूठ मिटली.

"करीन," ती म्हणाली.